दोन बोटं उजवीकडे

"इथं बाजा दुरुस्त होत नाई, मॅडम."

"बाजा नाई हाय हा. धनुष्य हाय."

धनंजयनं तिच्या खांद्यावरच्या लांबलचक काळ्या पेटीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि मग, इथंच त्याचं चुकलं, पेटीकडे परत जायचं सोडून पुन्हा तिच्याकडेच बघितलं.

सतरा सप्टेंबरची सकाळ. रात्री पाऊस पडून गेलेला, आणि कॅम्प-वनच्या त्या मागच्या गल्लीत पत्र्यांवरून अजून टपटप चाललेली. नत्थू मिस्त्रींच्या वर्कशॉपात विश्वकर्मा पूजेची तयारी होती. लेथ मशीन धुऊन-पुसून, झेंडूची माळ घालून नवरदेवासारखी बसवली होती. ड्रिल मशीन करवली, ग्राइंडर मामा. पाने, हातोड्या, कानस सगळी वऱ्हाडी मंडळी सतरंजीवर ओळीनं. त्या दिवशी भिलाईत कोणी पान्याला हात लावत नाही. ज्या गावाचा चहासुद्धा भट्टीच्या भोंग्यावर उकळतो, त्या गावात एक दिवस लोखंडाला सुट्टी!

"एकच स्क्रू हाय, भैया," ती म्हणाली. "आटे गेले त्याचे. पाच मिनिटाचं काम."

"एक असो का एक हजार. आज औजाराले हात लावला तर मामा माझा हात लावतील शिकंज्यात."

"अन् बारा दिवसांनी माझी चाचणी हाय ना! राज्याच्या टीमची. मागच्या साली एका नंबरानं गेली. एका!" तिनं त्याच्या नाकासमोर एक बोट धरलं. "यंदा गेली तर मी तुमचं नाव घेईन."

नाव कोण घेणार या विचारानं धनंजयचे कान तापले. तिनं तेवढ्यात पेटी उघडलीच होती. आत जे होतं ते काही पुराणातलं वाकवलेलं लाकूड नव्हतं. दोन टोकांना दोन चाकं, तीन तीन दोऱ्या, जिथं बघाल तिथं स्क्रू. धनुष्याचं आणि सायकलचं लग्न लागलं असतं तर त्यांना जे लेकरू झालं असतं, तसं काहीतरी.

"बापा! कंपाउंड म्हणतात ते हेच का?" तो वाकून बघायला लागला. "जिंदगीत पहिल्यांदा पाहून राहिलो."

"नाव का तुमचं?"

"धनंजय. धनंजय कापगते."

"नाव धनंजय, अन् धनुष्य पहिल्यांदा पाहून राहिले?" ती हसली. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होऊन ते हसू उजवीकडे पोचायला जरा वेळ घ्यायचं.

आतून नत्थूमामा आले. हे त्याचे सख्खे मामा. रोज सकाळी मामा भाच्याच्या पाया पडायचे, इकडची रीतच तशी, आणि पाया पडून उठता उठताच त्याला शिव्या द्यायला सुरुवात करायचे. त्यांनी धनुष्य दोन्ही हातांत तोललं, चाकांवर फुंकर मारली आणि म्हणाले, "औजारच हाय ना हे बी. ठेव बेटी. आज पूजेत बसू दे, उद्या हा करून देईल. नाव का तुझं?"

"कीर्ती लांजेवार. कोहक्याले राहतो आमी. बाबा रेल मिलमधून रिटायर झाले, विद्याधर लांजेवार."

"अरे, आपल्या भंडाऱ्याकडचेच की मग!" मामा खूश झाले, आणि धनुष्य ड्रिल मशीनच्या शेजारी, करवलीच्या मांडीला मांडी लावून बसलं.

दुसऱ्या दिवशी धनंजयनं स्क्रूला नवे आटे पाडले. पाच मिनिटांच्या कामाला त्यानं सव्वा तास लावला, आणि ती घेऊन गेली तेव्हा त्याला तो सव्वा तासही कमीच वाटला. झालं, संपलं, असं म्हणून त्यानं हात पुसले.

कसलं संपतंय!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा दारात. या वेळी हसू कुठल्याच कोपऱ्यात नव्हतं.

"भैया, तुमी का केलं माझ्या धनुष्याले?"

"मी? फक्त स्क्रू..."

"बाण सरळ जाऊनच नाई राहिला! शेपूट वर करून जाते, बैल उधळल्यासारखा!"

लोक सांगतात की त्या दिवशी तिचा एक बाण कोहक्याच्या मैदानातून सुटला तो थेट अहिवाऱ्याच्या चुनखडीच्या खाणीत, एका डंपरच्या टायरमध्ये मिळाला. आता लोकांचं काय, लोक वाढवून सांगतात. टायरमध्ये नव्हता, डंपरच्या मागच्या फळीत होता.

"बसा," धनंजय म्हणाला. "मशीन बिघडली म्हणजे तिले आधी विचारा लागते, कुठी दुखते म्हणून."

"अन् ते सांगते का?"

"तुमच्याकडे काही तरकीब असंल ना विचाराची?"

होती. तिच्या कोचनं शिकवलेली. चौकटीत कागद ताणून बसवायचा, मागं पोती रचायची, दोन पावलांवर उभं राहायचं आणि बाण कागदातून मारायचा. बाण सरळ चालत असेल तर कागदाला गोल भोक पडतं आणि पिसांच्या तीन चिरा. शेपूट वर असेल तर कागद वर फाटतो, डावीकडे असेल तर डावीकडे. बाणाची चाल कागदावर उमटते, पायाच्या ठशासारखी.

वर्कशॉपच्या मागच्या अंगणात चिंध्यांची पोती होती, खिडकीची जुनी चौकटही होती. कागद मात्र नव्हता. होती ती कॅलेंडरं. नत्थूमामांनी अकरा वर्षांची कॅलेंडरं एकावर एक त्याच खिळ्याला टांगून ठेवली होती. मामांनी वरचे देव कात्रीनं कापून कपाटात ठेवले, आणि खालच्या तारखा धनुष्याला दिल्या.

सट्!

जानेवारी वर फाटला, चांगला दोन बोटं.

सट्! फेब्रुवारीही वर फाटला.

"पाह्यलं?" कीर्ती म्हणाली, जणू फेब्रुवारी धनंजयनंच फाडला होता.

"पाह्यलं. आता एक काम करू. मामाचा नियम हाय... एका टायमाले एकच पेच फिरवाचा. दोन फिरवले तर समजत नाई, कोणत्यानं फरक पडला ते. फिरवाचा, पाहाचा, नाई जमलं तर होता तिथं आणून ठेवाचा. मंग दुसरा."

"मंग तर दिवाळी येईल."

"येऊ द्या की," तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "मतलब... घाई कराची नाई, असं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वरून पत्र्यावरचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही.

मग रोज साडेपाचला तिची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी वाजायची. काम करता करता तो तिला लेथच्या खोड्या सांगायचा, तिच्या चाकात केसभर ढील आहे, तेवढं ते रिकामंच फिरतं, हेसुद्धा. आधी त्यांनी रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो इवलासा आधार, केसभर वर घेतला. मार्च वर फाटला. परत खाली. मग बाण बदलून बघितले, सहाच्या सहा. एप्रिल, मे, दोन्ही वर. मग तिनं सांगितलं की कधी कधी पिसं रेस्टला घासतात, त्यासाठी पिसांना पावडर लावून बघायची असते. मामांची घामोळ्याची पावडर आली. धनंजयनं पिसांवर ती इतक्या हळुवारपणे लावली की मामा म्हणाले, "अबे, बाण हाय तो, बारशाचं पोरगं नाई."

पावडर जशीच्या तशी राहिली. पिसं घासत नव्हती. जून मात्र वरच फाटला.

"कावून वर फाटते, सांग ना!" कीर्ती वैतागून धनुष्यालाच म्हणाली. आणि मग त्याच्याकडे वळून, "तुमाले हसू कावून येऊन राहिलं?"

"तुमी त्याले 'तू' म्हणता. मले 'भैया, तुमी'. धनुष्य माझ्याहून जवळचं."

"हाव मग. ते काही बिघडवत नाई माझं."

"तसं नाई म्हणत मी. 'भैया' तेवढं नका म्हणू. मामाचे कस्टमर मले भैया म्हणतात, टेम्पोवाले."

"मंग का म्हणू?"

"नाव हाय ना मले."

ती थोडा वेळ बाणाचं टोक बोटानं पुसत राहिली. "धनंजय," ती म्हणाली, हळूच, स्क्रू आट्यात नीट बसतो का हे बघावं तसं. बसला.

पण चाचणीचा रविवार काही थांबत नव्हता. सहा दिवस उरले. कोच म्हणाले, दुसऱ्या कोणाचं धनुष्य घे. दुसऱ्याचं धनुष्य म्हणजे दुसऱ्याची चप्पल... चालता येतं, पळता येत नाही. त्या संध्याकाळी कीर्ती अंगणातल्या उलट्या ड्रमवर बसून राहिली. धनंजयनं तिच्यापुढे चहाचा ग्लास ठेवला आणि स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला,

"मी हे रोज थांबलेलं पाहून राहिलो. चालतं कधी पाह्यलंच नाई. मशीनचा आजार चालताना दिसते... उठ. खीच. सोडू नको, फक्त खीच."

"तू" कधी आलं, दोघांच्याही लक्षात आलं नाही. म्हणजे, लक्षात आलं; पण कोणी बोललं नाही.

तिनं बाण चढवला, पोत्यांकडे रोखला आणि दोरी ओढली. ओढताना हे धनुष्य जड लागतं, खांदे भरून येतात. पण पुरतं ओढलं की चाकं वळतात आणि सगळा भार एकाएकी हलका होतो. माणूस तसाच धरून उभा राहू शकतो, श्वास घेत. ती तशी उभी राहिली. दोरी नाकाच्या शेंड्याला टेकलेली, एक बट गालावर. तो चाकं बघायला तिच्या बाजूला वाकला होता. चाक त्याच्या डोळ्यांपासून वीतभर लांब होतं, आणि गाल दीड वीत.

"दिसलं का?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"अं?"

"चाक पाह्य, धनंजय. चाक."

त्यानं चाक बघितलं. आणि मग खरंच बघितलं. खालचं चाक पुरतं वळलं होतं. वरचं मात्र केसभर आधीच अडकत होतं. दोरी चाकाच्या खाचेत गुंडाळली जात होती तिथं, लाल दोरीवर लाल, अगदी बारीक, चार वेढे.

"मामा!" तो ओरडला.

कीर्तीनं दचकून बाण सोडला. जुलैला भोक पडलं, वर फाटलेलं.

ते पूजेचे धागे होते. मामांची स्वतःची रीत अशी की प्रत्येक औजाराला दोन धागे बांधायचे. एक मुठीला, एक फिरत्या अंगाला. मूठ माणसाची, फिरतं अंग देवाचं. मुठीचा धागा कीर्तीनं पहिल्याच रात्री सोडून घरच्या तुळशीत ठेवला होता. दुसऱ्याची तिला खबरच नव्हती. दोरी सैल असताना तो चाकाच्या बाहेर गुपचूप बसायचा, आणि ओढली की देव चाकात गुंडाळला जायचा.

नत्थूमामांचा चेहरा उतरला. "बेटी, माझ्याच हातून झालं. अन् मी या पोट्ट्याले चार दिवस शिव्या देऊन राहिलो." त्यांनी हात जोडून विश्वकर्म्याची माफी मागितली, धागा सोडला, डोळ्यांना लावला.

सट्! ऑगस्टला गोल भोक पडलं होतं. अगदी गोल नव्हे, पण वर फाटलेलं तर नक्की नव्हतं. कीर्ती नाचायचीच बाकी होती. आणि धनंजय? तो हसत होता, पण हसताना त्यानं पान्यांची रांग उगाच सरळ केली. धनुष्य बरं झालं होतं. बरं झालेलं माणूस दवाखान्यात कशाला येतं?

"उद्या सकाळी मैदानात येशील?" तिनं विचारलं. "पन्नास मीटरवरून पाहू."

आला की. मैदानाच्या कडेला कांस फुलला होता, पांढरा, वाऱ्यावर डुलणारा. ती बाण मारत होती, तो डाव्या अंगाला उभा राहून बघत होता. पहिले सहा बाण मारून दोघं निशाणाकडे चालत गेले. सहाही बाण एका मुठीत मावतील असे बसलेले. फक्त मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या मधोमध नव्हते. दोन बोटं उजवीकडे.

पुढचे सहा. दोन बोटं उजवीकडे. त्याच्या पुढचेही.

"हे आता नवीन का?" ती पुटपुटली.

पुन्हा अंगण, पुन्हा कॅलेंडर. सप्टेंबर नीट बघितला तर शेपूट डावीकडे, बोटभर. म्हणजे टोक उजवीकडे पळत होतं. एका टायमाले एक पेच. रेस्ट सरकवला, फरक नाही, परत आणला. पंखा बंद केला, जागा बदलली, जमिनीवर फळी टाकली. आदल्या वर्षाचं कॅलेंडर सुरू झालं, आणि त्याचाही जानेवारी डावीकडे फाटला.

"अन् घरी गच्चीवर मारलं ना दुपारी, तर गोल!" कीर्ती म्हणाली. "एकदम गोल, बाबांनी बी पाह्यलं. इथंच असं होते. तुझ्या अंगणात काही दोष हाय."

नत्थूमामा ड्रमवर बसून चहा पीत सगळं बघत होते. म्हणाले, "धन्या, जा, समोरून बिस्किटाचा पुडा आण."

तो गेला. सट्! कागद आणून तिनं बघितला. गोल भोक, तीन चिरा, कंपासनं काढल्यासारखं.

तो आला. सट्! डावीकडे.

"अबे, साखर बी राहिली," मामा म्हणाले. "जा."

तो गेला. गोल.

तो आला. मामांनी हात केला, "मार बेटी." डावीकडे!

मामांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला. "आता एकच पेच उरला," ते म्हणाले, आणि धनंजयकडे असं बघितलं की लेथ मशीनलासुद्धा समजलं असतं. मग त्यांना आत काहीतरी अत्यंत महत्त्वाचं काम आठवलं.

अंगणात दोघंच. कुठंतरी पन्हाळीतून पाणी पडत होतं.

"हात," धनंजय शेवटी म्हणाला. "तू म्हणली होती ना... धनुष्य मुठीत धराचं नाई. तळहातावर नुसतं टेकवाचं. मूठ आवळली की ते पिळते."

"हाव."

"मंग... मूठ आवळून राहिली तू."

"मी नाई आवळत." तिचे डोळे फाटलेल्या पानावर. "आपोआप होते."

"मी उभा असलो की?"

उत्तर चौकटीच्या कडेला चिमट्यात लटकत होतं, डावीकडे फाटलेलं, एक नव्हे, दोन दोन.

धनंजयला खरं तर त्या क्षणी लेथवर चढून नाचावंसं वाटायला हवं होतं. पण तो पडला फिटर. दोष सापडला की काढून टाकायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं घसा खाकरला.

"रविवारी मी नाई येत. अन् हे चार दिवस बी इकडे येऊ नको. दोष सापडला ना, झालं."

"असं?"

"तुझी चाचणी हाय. एका नंबरानं गेली होती तू."

"हाव," ती म्हणाली. पेटी बंद केली. दोन्ही खटके लागल्याचा आवाज अंगणभर झाला. दारात एकदा थांबली, पण तो पाने मोजत होता. चौदाच पाने होते, आणि तो मोजून मोजून अठ्ठावीसपर्यंत गेला होता.

रविवारी रायपूरच्या मैदानावर ऊन स्वच्छ पडलं होतं. बहात्तर बाण, अर्धे जेवणाआधी, अर्धे नंतर. पंधरा मुली, टीममध्ये चौघी.

कीर्तीचं धनुष्य ठणठणीत होतं. हातही सैल होता... बहुतेक वेळा. चार दिवस गच्चीवर तिनं गोल भोकांची रांग लावली होती, कारण तिथं तो येणार नाही हे पक्कं माहीत होतं. इथं तसं नव्हतं. फाटकापाशी मोटरसायकल वाजली की वाटायचं, आला? नाही आला म्हटलं होतं. पण आलाच तर? 'नाही' म्हणून एक बाण मधोमध जायचा. 'आला की काय' म्हणून दुसरा दोन बोटं उजवीकडे. तिसरा धड इकडे ना तिकडे. सकाळ संपली तेव्हा बाण निशाणभर फुटक्या कणगीतल्या धानासारखे सांडले होते आणि फळ्यावर तिचं नाव सातवं होतं.

ती डबा न उघडता एका कडेला गेली. फोन लावला.

"कुठी हायस?"

"मी? वर्कशॉपमध्ये."

"मागं 'गुपचूपवाले, तिखट कम करो' ऐकू येऊन राहिलं. तुमच्या वर्कशॉपमध्ये कवापासून गुपचूप मिळते?"

पाणीपुरीला इकडे गुपचूप म्हणतात, पण ती काही गुपचूप राहिली नाही. "फाटकाबाहेर हाय. झाडाखाली. पाने आणले होते... एखादा स्क्रू ढिला झाला तर म्हणून. मी आत येत नाई, तू टेंशन नको घेऊ."

"आत ये."

"कीर्ती, पागल हाय का? मूठ आवळंल तुझी."

"आवळू दे. ऐक. तू उभा असला की माझे बाण दोन बोटं उजवीकडे जातात. मैदानात पाह्यलं ना? अठराच्या अठरा. तीन नाई, एक नाई. दोन. तू नसला की मधात. अन् तू येते का नाई येत, असं असलं की... का होते ते फळ्यावर पाहून घे."

"पण दोष हाय तो!"

"तुझ्या लेथले किती ढील हाय? तूच सांगतलं होतं."

"केसभर. पण ती रोज तेवढीच असते. आमी माप घेतानाच धरून चालतो..."

फोनमध्ये गुपचूपवाल्याचा चमचा वाजत राहिला.

"हाव," ती म्हणाली. तिचा आवाज आता अगदी शांत होता. "रोज तेवढीच असली की त्याले दोष नाई म्हणत. माप म्हणतात. मी नेम धराची साइट दोन खटके उजवीकडे घेते. बाण जिकडे जाते, तिकडेच साइट न्यावी लागते. तू ये, डाव्या अंगाले उभा राहा, अन् जागचा हलू नको. आज हलू नको, बस्."

खेळाडूमागे एक मदतनीस उभा राहू शकत होता. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी त्याचं नाव लिहून घेतलं, हातातली पान्यांची पिशवी बघितली, आणि चष्म्यावरून विचारलं, "ये क्या करेंगे?"

"खडे रहेंगे," कीर्ती म्हणाली.

आणि तो उभा राहिला. असा उभा राहिला की दोन तासांत एका कोतवाल पक्ष्यानं त्याच्या खांद्यावर बसून इकडे-तिकडे बघून घेतलं म्हणतात. कीर्तीनं धनुष्य उचललं. तिची मूठ आवळली, तिला कळलं, आणि तिनं ती सोडवली नाही. पहिला बाण. पिवळ्यात, मधोमध. दुसरा. त्याच्या शेजारी. तिसऱ्यानं दुसऱ्याचं पीस खरवडलं. तो मागं हूं का चूं करत नव्हता. फक्त तिनं दोरी ओढली की त्याचाही श्वास थांबायचा, आणि बाण लागला की दोघांचा एकदम सुटायचा.

सातवीची सहावी झाली. सहावीची पाचवी. शेवटच्या सहा बाणांना ऊन कलायला लागलं होतं. ती ओढायची, भार हलका व्हायचा, त्या हलकेपणात क्षणभर थांबायची. तिला घाई नव्हती. ज्याची वाट बघायची तो तर डाव्या अंगाला उभा होता.

फळ्यावर चौथं नाव लिहिलं गेलं: कीर्ती लांजेवार. पाचवीपेक्षा तीन गुण जास्त.

कोच ओरडले, मुलींनी मिठ्या मारल्या, बाबांना फोन झाला, बाबा फोनवर नुसतेच "बरं... बरं... बरं" म्हणत राहिले. हे सगळं होईपर्यंत धनंजय त्याच जागी. हलू नको सांगितलं होतं ना!

ती आली. केस विस्कटलेले, गाल उन्हानं तांबडे. मग, काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यानं पिशवीतून छोटी चावी काढली आणि धनुष्याकडे हात केला.

"चाचणी झाली ना," तो म्हणाला. "साइट आणू का दोन खटके मागं? पहिल्यासारखी?"

कीर्तीनं धनुष्य त्याच्या हातापासून जरासं लांब घेतलं. आणि ते हसू, डाव्या कोपऱ्यातलं, या वेळी मुळीच वेळ न लावता उजवीकडे पोचलं.

"कावून?" ती म्हणाली. "तू कुठी जाऊन राहिला का?"